पेजेचा कॉरिडॉर

चार शेजारी देशांचं सहकार्य कसं असतं ते बघायचं असेल तर आमच्या कॅम्पात या, असं मध्यंतरी कंपनीच्या एका चकचकीत पुस्तिकेत छापून आलं होतं. येऊ नका. बघण्यासारखं जे होतं ते आम्ही सहकार्य करून मोडून टाकलं आहे.

आमचा कॅम्प सौदीतल्या जिझानच्या बंदराबाहेर, रिफायनरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्र्याच्या खोल्या, मधे वाळूचं पटांगण आणि पटांगणाच्या टोकाला स्वयंपाकाची लांबलचक शेड. मी मूळचा कराडचा, इथे इलेक्ट्रिशियन. आल्या दिवशीच मला त्या शेडचा एकमेव कायदा सांगण्यात आला: जो आधी सुटेल त्याने चूल पेटवायची, आणि पेटवली की सगळ्यांसाठी रांधायचं. हा कायदा कोणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणूनच तो पाळला जात होता.

कंपनी माणसं भरते ती देश बघून. नेपाळी सगळे गेटवर, रात्रपाळीला. बांगलादेशी सफाईला, पहाटे जाऊन दुपारी मोकळे. पाकिस्तानी बसचे ड्रायव्हर; सकाळी माणसं सोडायची, संध्याकाळी आणायची, मधे झोपा. आणि आम्ही भारतीय वेल्डिंग, फिटिंग, वायरिंगवाले, म्हणजे उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत साइटवर. त्यामुळे दुपारी बंगाली आलमगीर मासळी साफ करून ठेवायचा, नेपाळी थापा उठून भात टाकायचा, मुलतानचा मुस्तफा बस काढण्याआधी तंदूर लावून जायचा, आणि आम्ही संध्याकाळी आयते ताटावर बसायचो. जेवण झालं की भांडी आमची, आणि गेटवाल्यांचे रात्रीचे डबेही आम्हीच भरायचे. कोण कोणाला किती देतो याचा विचार कुणी करत नव्हतं, कारण सगळ्यांना भूक लागलेली असायची.

या व्यवस्थेवर सगळ्यात जास्त अवलंबून होता नौशाद. पाइप फिटर, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा, बोलायला तिखट आणि पोटाने अधू. मागच्या वर्षी त्याच्या अल्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं की तिखट बंद आणि पोट रिकामं राहता कामा नये. कंपनीने सांगितलं की पुढच्या मेडिकलमध्ये पास झालास तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढेल, नाहीतर खलास. कंत्राटदाराकडून येणारं जेवण लाल तर्रीचं. ते खाऊन निरोगी माणूसही रात्रभर बसून राहतो. तेव्हा नौशादची नोकरी उभी होती ती संध्याकाळी साइटवरून आल्या आल्या हातात पडणाऱ्या उकड्या तांदळाच्या पेजेवर. तांदूळ गावाहून यायचा आणि पेज करायचा थापा. त्याला नौशादने ती एकदाच शिकवली होती, पण मीठ असं नेमकं पडायचं की नौशाद म्हणायचा, ‘‘ह्याचा आजा नक्कीच आमच्या बंदरात उतरलेला असणार.’’

आता दत्तात्रय. हा फॅब्रिकेटर, म्हणजे पत्रे-लोखंड कापून जोडणारा, नौशादच्याच तालुक्यातला, वरच्या डोंगरवाडीचा. दोघांची कित्येक वर्षांची दोस्ती. सुट्टीला गेले तर एकमेकांच्या घरचं सामान पोचवणारे. दत्तात्रय माणूस कष्टाळू, हात सोन्याचा, पण मानकऱ्याच्या घरातला. शिमग्याला गावची पालखी उठते तेव्हा पहिला खांदा त्याच्या घराण्याचा. निदान त्याचं घराणं तसं म्हणतं. चुलतघराणं म्हणतं आमचा. या वादापायी पालखी तीन शिमगे देवळाबाहेर पडलेली नाही, आणि दत्तात्रय हे सांगताना अजूनही छाती पुढे काढतो. अशा माणसाला तुम्ही शिवी दिली तर तो सोसेल. मान दिलात की कामातून गेला.

आणि तो मान घेऊन एके दिवशी स्वप्नालीमॅडम आल्या.

त्या मूळच्या पुण्याच्या, आता रियाधमधल्या कुठल्याशा सल्लागार कंपनीत. प्रादेशिक सहकार्य हा त्यांचा विषय. झालं असं होतं की चार शेजारी देशांचं एक शिष्टमंडळ जिझानला येणार होतं. हे देश पूर्वी एकाच मोठ्या देशात होते. तो मोडला, हे सुटे झाले, आणि तेव्हापासून त्यांची अर्थव्यवस्था जुन्यातून नव्यात जाते आहे. अजून पोचलेली नाही. त्यांना बंदर दाखवायचं, विकास दाखवायचा आणि शेजाऱ्यांनी मिळून कसं वाढावं याचा एखादा जिवंत नमुनाही दाखवायचा होता. कुणीतरी ऑफिसात सांगितलं की कॅम्पात चार देशांची माणसं एका चुलीवर जेवतात. मॅडम धावतच आल्या.

त्यांनी शेड बघितली. आलमगीर मासळी कापत होता, थापा तांदूळ धूत होता. मॅडमचा चेहरा पडला.

‘‘काका, हे छानच आहे,’’ त्या दत्तात्रयला म्हणाल्या. ‘‘पण सहकार्य दिसत नाहीये.’’

‘‘म्हणजे कसं?’’

‘‘म्हणजे बघा, सगळं एकत्रच आहे. कोण कोणाला काय देतंय तेच कळत नाही. देवाणघेवाण व्हिजिबल नको का? आधी चार युनिट्स हवेत. मग त्यांच्यात कोऑपरेशन दाखवता येईल.’’

हे ऐकून मी पडलोच असतो, पण शिडीवर होतो म्हणून धरून राहिलो. नौशाद मात्र गप्प बसणारा नव्हता. ‘‘मॅडम, एकत्र असलेल्यांना आधी तोडायचं नि मग जोडून दाखवायचं?’’

‘‘एक्झॅक्टली,’’ मॅडम आनंदाने म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समधून निळ्या फितीचं एक ओळखपत्र काढलं आणि दत्तात्रयच्या गळ्यात घातलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: सरचिटणीस, चार देशांची स्वयंपाक सहकार्य परिषद. दत्तात्रयने ते दोन्ही हातांनी धरून वाचलं, मला वाचायला लावलं, आणि त्या रात्री तो ते गळ्यात ठेवूनच झोपला. साइटवर हेल्मेट विसरायचा, पण ही फीत कधी विसरला नाही.

शेडमध्ये तीन आडवे पडदे उभे राहिले. पडदे म्हणजे जाड पत्रे, आणि ते वेल्ड केले दत्तात्रयनेच, इतके बेमालूम की मुंगी जाणार नाही. चार खोल्या झाल्या, चार दारं, चार कुलपं, दारांवर चार झेंडे. झेंड्यांवरचे दिवे मी लावले. मलाही कुणी नाही म्हणायला शिकवलेलं नाही. वाटणी करताना तंदूर पाकिस्तानात गेला, फ्रिज बांगलादेशात, पाण्याचा नळ नेपाळात आणि मोठी शेगडी भारतात आली; बाकीच्या तिघांना एकेक छोटा स्टोव्ह. चौघांपैकी तिघांच्या घराण्यांना फाळणीचा अनुभव होताच, त्यामुळे काम झटपट झालं.

पहिले दोन दिवस सगळे हसत होते. ‘‘व्हिसा दिखाओ,’’ मुस्तफा दारातून ओरडायचा. तिसऱ्या दिवशी आलमगीर म्हणाला की फ्रिज आमच्याकडे असला तरी आतलं सामान सगळ्यांचं, मग वीज आमच्याच नावावर का धरायची. चौथ्या दिवशी मुस्तफाने तंदूरला टाळं घातलं. पाचव्या दिवशी नळावर भांडण झालं आणि थापासारखा गरीब माणूस, ज्याने आयुष्यात कुणाला आवाज चढवला नव्हता, तो म्हणाला, ‘‘हमारा पानी है.’’ झेंडा दारावर लागला की माणसाला आपल्या नळाचा अभिमान वाटू लागतो.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात ती गोष्ट आली जी कुठल्याच सल्लागाराच्या आली नव्हती. आमच्याकडे एका देशाची माणसं एकाच वेळी सुटतात. आम्ही सगळे भारतीय संध्याकाळी एकदमच उपाशी येत होतो आणि समोर थंड शेगडी. दुपारी मोकळा असलेला थापा आपल्या खोलीत बसून बघत होता, पण आमच्या खोलीला कुलूप, आणि उकडे तांदूळ आत.

किल्ली सरचिटणीसांच्या खिशात होती. सरचिटणीस साइटवर.

‘‘दत्ता, किल्ली थापाला देऊन ठेव,’’ नौशाद म्हणाला. आम्ही तिघे बसमधून उतरत होतो. नौशादने एक हात पोटावर धरला होता. ‘‘पेज त्याच्या खोलीत करील नि ठेवील. मला आल्यावर थांबायला जमत नाय.’’

‘‘अरे, पण दुसऱ्या देशाला किल्ली कशी देऊ?’’

‘‘कोण दुसरा देश? थापा?’’

‘‘तसं नाय रे. मॅडमनी सांगितलंय, ज्याचं स्वयंपाकघर त्याची जबाबदारी, सामानपण बाहेर जाता कामा नये. उद्या पाहुणे आले नि आपल्या खोलीत नेपाळी दिसला तर काय इज्जत ऱ्हायली? आठवडाभराचा तर प्रश्न हाय. पाहुणे येऊन गेले की सगळं पयल्यासारखं.’’

‘‘आठवडाभर पोटाला काय सांगू?’’

‘‘साइटवर ताक-रोटी मिळती ना, लबान-खबूस, ती खा की.’’

नौशादने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘आठवडाच आहे,’’ आणि बसमधून पिशवी काढायला वळलो.

आठवड्याचा महिना झाला. शिष्टमंडळातल्या चार देशांचं आपसात जमेना: एकाच विमानाने यायचं तर विमान कुणाचं, आणि उतरताना आधी कोण उतरणार. हे कळल्यावर दत्तात्रयला त्यांच्याबद्दल भलताच आदर वाटू लागला. ‘‘मानपान सगळीकडं असतोच,’’ तो म्हणाला. तोवर नौशाद शेगडी तापेपर्यंत खोलीच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा, आणि पेज होईपर्यंत कधीकधी त्याची भूक मरून गेलेली असायची. थापा रोज बाहेर येऊन विचारायचा, ‘‘भाई, कुछ खाया?’’ आणि ड्यूटीवर निघून जायचा.

शेवटी पाहुणे आले. चार गाड्यांतून, प्रत्येक देशाची वेगळी.

कार्यक्रमाचा मुकुटमणी होता ‘कॉरिडॉर’. नेपाळ आणि भारत यांच्यामधल्या पत्र्यात मॅडमनी दत्तात्रयकडून एक चौकोनी झरोका कापून घेतला होता. त्याला छोटं दार, दाराला फीत. पाहुणे आले की थापाने नेपाळातून पेजेची वाटी द्यायची, भारताने ती घ्यायची आणि गरजूला पोचवायची. सीमापार अन्नवाहतुकीचा पहिला व्यवहार. गरजू म्हणून नौशादला निवडलं होतं, कारण तो खरोखरच तसा दिसायला लागला होता. त्याला सकाळपासून काही खाऊ नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. पेज इथेच मिळणार म्हणून तो स्वतःच थांबला होता. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच थापाच्या हातची मिळणार होती.

पाहुणे बंदरावर रेंगाळले. पेज निवली. मग आले, भाषणं झाली. मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवले. एका आलेखात पूर्वी आमच्या शेडमधल्या चार देशांमध्ये देवाणघेवाण शून्य होती आणि आता ती सुरू होणार होती. पूर्वी शून्य का, तर पूर्वी शेडमध्ये देशच नव्हते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. फीत कापली. थापाने वाटी पुढे केली. दत्तात्रयने ती दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली आणि नौशादपुढे धरली. टाळ्या पडल्या.

नौशादने हात पुढे केला.

‘‘एक मिनिट, एक मिनिट,’’ फोटोग्राफर म्हणाला. झेंडा फोटोत आला नव्हता. वाटी परत नेपाळात गेली. पुन्हा आली, पुन्हा टाळ्या. या वेळी एका देशाचा उपमंत्री फोटोबाहेर राहिला होता, तो रागावला. वाटी पुन्हा परत गेली. तिसऱ्या वेळी दत्तात्रयची निळी फीत उलटी झाली होती, ती त्याने स्वतःच लक्षात आणून दिली.

पाहुण्यांत एक म्हातारा होता, जाड भुवयांचा, बाकीच्यांपेक्षा साधा कोट घातलेला. इतका वेळ तो तंदूरजवळ उभा राहून मुस्तफाच्या रोटीचा तुकडा खात होता. त्याने दुभाष्याला विचारलं की हे पत्रे लावायच्या आधी इथे कोण रांधत असे. दुभाष्याने मला इंग्रजीत विचारलं, मी सांगितलं. म्हाताऱ्याने हातातला तुकडा संपवला. मग जे बोलला ते दुभाष्याने इंग्रजीत केलं: ‘‘आमच्याकडेही असंच होतं. उन्हाळ्यात डोंगरावरचा देश खालच्यांना पाणी सोडायचा, हिवाळ्यात खालचे त्याला कोळसा द्यायचे. मग प्रत्येकाने आपापल्या खोलीला कुलूप लावलं. तेव्हापासून हिवाळ्यात आम्ही गारठतो आणि उन्हाळ्यात परिषदांना जातो.’’

‘‘काय म्हणतायत ते?’’ दत्तात्रयने उत्सुकतेने मॅडमना विचारलं.

‘‘खूप इन्स्पायरिंग आहे म्हणतायत,’’ मॅडम म्हणाल्या.

चौथ्या खेपेला फोटो चांगला आला. वाटी नौशादच्या हातात पडली. त्याने दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली आणि तिथेच, झेंड्याच्या खाली, पुढे वाकून ओकला. ओकारीत काळपट रक्त होतं. पाहुण्यांना घाईने बंगाली विभागाकडे वळवण्यात आलं, आणि आलमगीरने न सांगता बादली आणली. ती आणताना त्याने कुणाची परवानगी घेतली नाही. मुस्तफाने बस काढली आणि आम्ही नौशादला इस्पितळात नेलं. त्या वेळेपुरतं आम्हा सगळ्यांना पुन्हा एकाच शेडमधले असल्यासारखं वाटलं, आणि मला त्याची लाज वाटली.

नौशाद वाचला. मेडिकलमध्ये नापास झाला. फायनल एक्झिट लागली, म्हणजे कायमचं घरी.

निघायच्या दिवशी दत्तात्रयने त्याची बॅग बसपर्यंत उचलली. गळ्यात फीत नव्हती. बराच वेळ तो बॅगेचा पट्टा ओढून नीट करत राहिला, नीटच असलेला.

‘‘नौशाद, मी किल्ली द्यायला पायजे होती.’’

‘‘व्हय,’’ नौशाद म्हणाला. ‘‘पायजे होतीस.’’ मग बसमध्ये चढता चढता थांबला. ‘‘तुमच्या मानापायी गावची पालखी देवळात कोंडून पडली, दत्ता. देवाला काय, त्याला भूक नाय लागत.’’

मुस्तफाने बस चालू केली. दत्तात्रय पटांगणात उभा राहिला, आणि त्याला हाक मारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं करायचं ठरलं होतं. पण पत्रे आता प्रकल्पाची मालमत्ता होते, दुसऱ्या टप्प्यापर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. कॉरिडॉरच्या झरोक्यालाही कुलूप लागलं. त्याची किल्ली रियाधला. तेव्हा एका शुक्रवारी दत्तात्रयने ग्राइंडर आणला आणि झरोक्याच्या शेजारी, वाटी जाईल एवढं एक वाकडंतिकडं भोक पाडलं. सोन्याचा हात असलेल्या माणसाने इतकं ओबडधोबड काम केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या खोलीची किल्ली त्याने थापाला दिली. पण एव्हाना फ्रिजला कुलूप होतं, तंदूरला कुलूप होतं, आणि थापाची ड्यूटीही बदलली होती. तो दुपारी मोकळा असला तर भोकातून काहीतरी यायचं. नसला तर नाही. पत्रा कापता येतो. सवय एकदा मोडली की तिला डाग देता येत नाही.

मॅडम पुन्हा आल्या त्या पाहणीसाठी. भोक बघून त्यांचे डोळे चमकले.

‘‘काका! हे तुम्ही स्वतःहून केलंत? कुणी न सांगता? अहो, हेच तर हवं होतं! खालून आलेलं सहकार्य. कॉरिडॉर टू!’’ त्यांनी फोन काढला. ‘‘एक फोटो घेऊ. ते मागच्या वेळचे काका कुठायत? पेजवाले?’’

‘‘गेले,’’ दत्तात्रय म्हणाला.

‘‘सुट्टीवर?’’

‘‘कायमचे. गावाला.’’

‘‘ओह.’’ मॅडमनी फोन खाली घेतला, खरोखरच वाईट वाटल्यासारखा. ‘‘मग त्यांच्या जागी तुम्हीच बसा ना. हां, तिथेच, पायरीवर. वाटी घ्या हातात.’’

‘‘आज काय आलं नाय. वाटी रिकामी हाय.’’

‘‘चालेल, फोटोत कळत नाही.’’

तो नुकताच साइटवरून आला होता. आत शेगडी थंड होती, तांदूळ अजून धुवायचे होते. तो नौशादच्या पायरीवर बसला, गुडघे पोटाशी घेतले आणि रिकामी वाटी दोन्ही हातांनी धरली.

‘‘परफेक्ट,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आता फक्त जरा भुकेलेला चेहरा करा, काका.’’

त्याला वेगळा चेहरा करावा लागला नाही.